जहाज सुटण्याची भीती नेमकी कोणत्या बंदरात बाळगावी?

पत्राचा सारांश: सिंहगड रस्ता परिसरात राहणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एका वाचक भगिनींचे हे पत्र आहे. त्यांचे वय 62, यजमान 67 वर्षांचे आणि गुडघ्यांनी थोडे बेजार. नणंद व तिचे यजमान यांच्यासह चौघांनी येत्या सप्टेंबरातील सहा रात्रींच्या भूमध्यसागरी क्रूझचे आरक्षण केले आहे. बार्सिलोनाहून निघून मार्सेय, जिनोआ, रोमसाठी चिविताव्हेकिया, नेपल्स, मग एक पूर्ण दिवस समुद्रात आणि पुन्हा बार्सिलोना असा मार्ग आहे. जहाजाने आयोजित केलेल्या सहलींचा खर्च चौघांचा मिळून पावणेदोन लाखांवर जातो. बाईंना प्रत्येक बंदरात आपापले हिंडायचे आहे. आजवर गटासोबत केलेल्या प्रवासांत ‘वीस मिनिटांत फोटो काढून बसमध्ये या’ हे वाक्य त्यांनी पुरेसे ऐकले आहे. यजमानांचे म्हणणे एकच आहे, “जहाज सुटले तर?” नणंदेचे यजमान म्हणतात, पैसे वाचवायला जाऊन रोममध्ये अडकण्यापेक्षा सहली घेतलेल्या बऱ्या. भाचा म्हणतो, मोबाइलमध्ये नकाशा असताना काळजी कसली. बाई विचारतात, “मी हट्ट करते आहे का? आणि खरा प्रवास बसच्या काचेतून होतो का?”

तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर सोपे आहे. तुम्ही हट्ट करत नाही. मात्र पत्र पुन्हा वाचताना असे वाटले की, तुमच्या घरातला वाद मुळात स्वभावांवर चालला आहे. तुम्ही धाडसी, यजमान घाबरट, भाचा बेफिकीर आणि नणंदेचे यजमान हिशेबी, अशा चार भूमिका ठरून गेल्या आहेत आणि प्रत्येक जण चारही बंदरांना आपली एकच भूमिका लावू पाहतो आहे. वास्तविक हा प्रश्न नकाशाचा आणि वेळापत्रकाचा आहे. प्रत्येक बंदराला दोनच गोष्टी विचारा. जहाज ज्या धक्क्याला लागते तेथून तुम्हाला पाहायची ती जागा किती लांब आहे? आणि समजा जहाज चुकलेच, तर त्याचे पुढचे बंदर कोणते आणि तेथे आपण कसे पोहोचणार? या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडली की कोण धाडसी आणि कोण भित्रा हा विषयच उरत नाही.

पहिला प्रश्न दिसतो त्याहून फसवा आहे, कारण क्रूझच्या माहितीपत्रकात बंदराऐवजी जवळच्या प्रसिद्ध शहराचे नाव ठळक छापलेले असते. तुमच्या पत्रकात ‘रोम’ लिहिले असले तरी जहाज लागते ते चिविताव्हेकियाला, आणि तेथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. एखाद्या पाहुण्याला लोणावळ्याला उतरवून ‘हे पुणे’ म्हणावे, तसा हा प्रकार आहे. अंतरही जवळपास तेवढेच आणि लोकल गाडीला लागणारा वेळही साधारण तेवढाच. ‘फ्लोरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो किंवा ला स्पेत्सिया, ‘पॅरिस’ म्हणजे ल आव्र, ‘बर्लिन’ म्हणजे वार्नेम्युंडे आणि ‘बँकॉक’ म्हणजे बहुधा लेम चाबांग. व्हेनिसच्या बाबतीत तर 1 ऑगस्ट 2021 पासून मोठ्या जहाजांना शहरासमोरच्या कालव्यातून जाण्यास बंदी आहे, त्यामुळे ‘व्हेनिस’ असे लिहिलेली एखादी क्रूझ प्रत्यक्षात रावेन्नाला लागते. तेव्हा आरक्षण करण्यापूर्वी शहराचे नाव बाजूला ठेवून धक्क्याचे नाव विचारावे, ही सूचना या पत्राच्या निमित्ताने सर्वच वाचकांना करून ठेवते.

दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि तुमच्या यजमानांच्या भीतीचे उत्तर मला त्यातच दिसते. त्यांना सर्वांत जास्त धास्ती रोमची आहे, कारण ते लांब आहे. पण तुमचे जहाज चिविताव्हेकियाहून निघून दुसऱ्या सकाळी नेपल्सला लागणार आहे, आणि रोमहून नेपल्सला वेगवान रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास लागतो. म्हणजे रोममध्ये अडकलात तर चार तिकिटांचा आणि एका रात्रीच्या हॉटेलचा भुर्दंड पडेल, मनस्ताप होईल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या सुमारास तुम्ही जहाजापाशी असाल. याउलट नेपल्स जवळचे आणि सोपे वाटते. परंतु तेथे जहाज चुकले तर पुढे थेट बार्सिलोना आहे, म्हणजे ऐन वेळची चार विमान तिकिटे, तीही बाकीचे सामान जहाजावर असताना. भीती बाळगायचीच असेल तर ती नेपल्सची बाळगावी. तुमच्या मार्गावर स्पेन, फ्रान्स आणि इटली हे तिन्ही देश शेंगेन क्षेत्रातले, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातले, असल्याने पुढचे बंदर गाठताना व्हिसाचा नवा प्रश्न येत नाही; हीच क्रूझ तुर्कस्तानला जाणारी असती तर तो आला असता.

आता रोमचा दिवस जरा सविस्तर पाहू, कारण तुमचे मन तेथेच आहे. हिशेब नेहमी शेवटाकडून करावा. जहाज संध्याकाळी सातला सुटणार असेल, तर सर्व प्रवाशांनी परतण्याची वेळ त्याआधी अर्धा तास किंवा एक तास ठेवलेली असते. ती आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या दैनंदिन पत्रकात छापलेली असते आणि तीच तुमची खरी वेळ. साडेसहा धरले, तर साडेचारपर्यंत चिविताव्हेकियाच्या रेल्वे स्थानकात परत आलेले असावे, म्हणजे रोमहून साडेतीनच्या सुमाराची गाडी पकडावी, आणि ती गाडी रद्द झाली तरी तिच्या मागच्या गाडीने वेळेत पोहोचता येते ना, हे आधी तपासून ठेवावे. सकाळी जहाज सातला लागले तरी उतरायला आठ वाजतात. धक्क्यापासून बंदराच्या दारापर्यंत बस, तेथून स्थानकापर्यंत पुन्हा बस किंवा पायी, आणि मग गाडी, असे करत दहाच्या आसपास तुम्ही रोममध्ये असाल. हाती साडेपाच तास राहतात. साडेपाच तासांत रोम होत नाही, रोममधले एक टोक होते. सेंट पीटर्स पाहायचे असेल तर रोमच्या मुख्य स्थानकापर्यंत न जाता आधीच सान पिएत्रो स्थानकात उतरावे. तेथून चौक दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. कलोसियम पाहायचे असेल तर ओस्तिएन्से स्थानकात उतरून शेजारच्या पिरामिदे स्थानकातून मेट्रो घ्यावी. दोन्ही एकाच दिवशी करण्याचा मोह तुमच्या यजमानांच्या गुडघ्यांसाठी टाळावा. रोमच्या जुन्या भागातले रस्ते लहान चौकोनी दगडांचे आहेत आणि त्यांवर तीन तास चालणे म्हणजे सिंहगडाच्या पायवाटेने उतरण्यासारखे गुडघ्याला जाणवते.

वारही पाहून घ्या. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार सोडल्यास रविवारी बंद असतात, आणि बुधवारी सकाळी पोपच्या जाहीर दर्शनामुळे सेंट पीटर्सचा चौक भरलेला असतो. इटलीत प्रादेशिक रेल्वेचे कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर वेळ उमटवून घ्यावी लागते. न घेतल्यास खिशात तिकीट असूनही दंड होतो, आणि आपल्याला त्या यंत्राची सवय नसल्याने हे हमखास राहून जाते. रेल्वेचे संप तेथे अधूनमधून होतात, परंतु ते आधी जाहीर होतात. त्यातली खरी मेख अशी आहे की, कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत ठरावीक गाड्यांची हमी असते. म्हणजे सकाळी तुम्ही आरामात रोमला पोहोचता आणि दुपारी परतीची गाडी नसते. संपाचा दिवस असेल तर मात्र जहाजाची बस घ्यावी, आणि त्यात कमीपणा मानू नये.

नेपल्सला जहाज शहराच्या अगदी दारात लागते. समोर रस्ता ओलांडला की कास्तेल नुओव्हो हा किल्ला, शेजारी मेट्रोचे स्थानक, आणि चालत गेले की जुन्या वस्तीतल्या अरुंद गल्ल्या, ज्यात दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांवर वाळत घातलेले कपडे पाहून तुम्हाला शनिवार-नारायण पेठेतले जुने वाडे आठवतील. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलेले पाँपेई येथून लोकल गाडीने साधारण पाऊण तासावर आहे. नोव्हेंबर 2024 पासून तेथे दिवसाला 20,000 प्रवेशांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असते, त्यामुळे ते आधी काढावे लागते आणि सोबत ओळखपत्र ठेवावे लागते. पण पाँपेई म्हणजे कितीतरी हेक्टरांवर पसरलेले, फारशी सावली नसलेले, उंचसखल दगडी रस्त्यांचे गाव आहे. त्याच लोकल मार्गावर, निम्म्या अंतरावर, एर्कोलानो आहे, म्हणजेच प्राचीन हर्क्युलेनियम. ते लहान आहे आणि पुष्कळ ठिकाणी घरांचे वरचे मजलेही शाबूत आहेत. गुडघ्यांचा विचार करता मी ते निवडीन. आणि भीती नेपल्सचीच बाळगायची हे एकदा मान्य केले, तर शहरातल्या पुरातत्त्व संग्रहालयात पाँपेईहून आणलेली भित्तिचित्रे आणि मोझेइक पाहून, एक पिझ्झा खाऊन, चालत जहाजावर परत येण्यातही एक उत्तम दिवस आहे. संग्रहालय मंगळवारी बंद असते, एवढे लक्षात ठेवा.

मार्सेय आणि जिनोआ ही दोन्ही बंदरे स्वतः फिरण्याची सवय करण्यासाठी चांगली आहेत. मार्सेयचा क्रूझ धक्का जुन्या बंदरापासून सात-आठ किलोमीटर दूर, गोदामांच्या भागात आहे. तेथून चालत निघू नये, शहराकडे जाणारी बस किंवा टॅक्सी घ्यावी. जुन्या बंदरापासून टेकडीवरच्या नोत्र दाम द ला गार्द या चर्चपर्यंत 60 क्रमांकाची बस जाते, त्यामुळे चढण टळते. जिनोआत धक्क्यापासून मुख्य रेल्वे स्थानक दहा मिनिटांवर, आणि 2006 पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेले जुन्या श्रीमंतांचे वाडेही चालण्याच्या अंतरावर. तेथे जहाजाची सहल घेणे म्हणजे लक्ष्मी रस्त्यावर राहून तुळशीबागेला बसने जाण्यासारखे होईल.

हे सगळे मी मोठ्या शहाणपणाने लिहिते आहे, पण शहाणपण आले ते एकदा तोंडचे पाणी पळाल्यावर. काही वर्षांपूर्वी भूमध्यसागरातल्याच एका बंदरी मी आणि माझी धाकटी बहीण लोकलने बाहेर पडलो आणि परतीची गाडी फलाटावर उभे असताना रद्द झाली. मागच्या गाडीचे वेळापत्रक पाहिलेले नव्हते. स्थानकाबाहेर टॅक्सीसाठी रांग, वाटेत वाहतूक, आणि धक्क्यावर पोहोचलो तेव्हा शेवटच्या वेळेला अकरा मिनिटे होती. अशा वेळी जहाजाच्या कठड्याला प्रवासी ओळीने उभे राहून धावत येणाऱ्यांची मजा पाहतात, हे मला तेव्हा कळले. बहिणीच्या कागदी पिशवीचा तळ सुटला आणि बाजारातून घेतलेली हातभर पानांसकटची मोठी लिंबे धक्क्यावर घरंगळली. ती वाकून एकेक लिंबू उचलू लागली आणि वरून टाळ्या सुरू झाल्या. मी तिच्यावर ओरडले, ती माझ्यावर ओरडली आणि रात्रीच्या जेवणापर्यंत आम्ही बोललो नाही. त्या दिवसापासून परतीच्या गाडीमागची गाडी पाहिल्याखेरीज मी स्थानक सोडत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, खऱ्या प्रवासाच्या प्रश्नाकडे येते. येथे मला तुम्हाला थोडे अडवावेसे वाटते. गटाच्या सहलीचा कंटाळा मी समजू शकते, परंतु स्वतः फिरणे हे आपोआप अधिक खरे होत नाही. तिकिटाच्या यंत्रापुढे अर्धा तास आणि चुकीच्या फलाटावर वीस मिनिटे घालवून, घड्याळाकडे पाहत पाहिलेले रोमही काचेतूनच पाहिलेले असते. शिवाय जहाजाच्या सहलीचे दोन फायदे नीट मोजायला हवेत. ती सहल उशिरा परतली तर जहाज थांबते किंवा प्रवाशांना पुढे पोहोचवण्याची जबाबदारी घेते. आणि हवामानामुळे जहाजाने एखादे बंदरच गाळले, जो अधिकार जहाजाला असतो, तर त्या सहलीचे पैसे परत मिळतात. तुम्ही स्वतः काढलेल्या तिकिटांचे मिळतीलच असे नाही. पावणेदोन लाखांपैकी मार्सेय, जिनोआ आणि नेपल्सचे पैसे वाचवून रोमचे द्यावेत, असे तुमच्या यजमानांनी म्हटले तर तो पराभव समजू नका. चौघे असल्याचा लाभही विसरू नका. चौघांना एक टॅक्सी पुरते, आणि बंदरावर चालकाशी परतीसकट आधी भाडे ठरवून घेतले तर रेल्वे आणि बस यांमधला तो एक बरा मार्ग आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे चौघांनी रोज एकत्रच उतरले पाहिजे, हे तुम्ही गृहीत धरले आहे. कशासाठी? बंदराच्या दिवशी जहाज रिकामे असते, पोहण्याच्या तलावापाशी खुर्ची सहज मिळते आणि जेवणाला रांग नसते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला एखादा दिवस तसा घालवणे आवडू शकते. तुम्ही आणि नणंदबाई जिनोआच्या गल्ल्यांतून हिंडून आलात आणि पुरुषमंडळी डेकवर पत्ते खेळत बसली, तर कोणाचेच काही बिघडणार नाही. यजमानांना एकदा विचारून पाहा की, त्यांना रोम पाहायचे आहे की तुमच्यासाठी रोमला यायचे आहे.

उतरताना जवळ काय असावे, याबद्दल थोडेसे. केबिनचे कार्ड, पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांची छायाप्रत व मोबाइलमधील छायाचित्र, एक क्रेडिट कार्ड, थोडे युरो आणि दोन दिवसांची औषधे. शेवटची गोष्ट बहुतेक जण केबिनमध्ये ठेवतात, आणि जहाज चुकल्यावर सर्वांत आधी तीच आठवते. दैनंदिन पत्रकावर त्या बंदरातील जहाजाच्या एजंटचा दूरध्वनी क्रमांक असतो. त्याचा फोटो काढून ठेवावा. पासपोर्ट जहाजाकडे जमा असेल आणि प्रवासी मागे राहिला, तर पासपोर्ट बहुधा याच एजंटकडे दिला जातो. समुद्रात असताना मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवावा, कारण जहाजावरच्या उपग्रह जाळ्याला फोन आपोआप जोडला गेला तर येणारे बिल पाहून बोट लागल्यासारखे होते. ‘बोट लागण्या’ची खरी भीती असणाऱ्यांनी जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी. बार्सिलोनाचा रांब्ला हा गजबजलेला रस्ता आणि नेपल्सची लोकल येथे खिसेकापूंपासून सावध राहावे; गर्दीच्या पीएमपी बसमध्ये पर्स जशी पोटाशी धरता, तशीच धरा.

ज्या वाचकांना हे सगळे वाचून थोडे दडपण आले असेल, त्यांनी रंगीत तालीम घरापासून करावी. पावसाळा सरल्यावर मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा क्रूझ निघतात. कोचीला जहाज विलिंग्डन बेटावर लागते आणि तेथून फोर्ट कोची व मट्टनचेरी हा भाग आपापला पाहता येतो. भाषा, पैसे आणि जेवण यांची चिंता नसताना परतीच्या वेळेचा हिशेब करण्याची सवय होते. मट्टनचेरीचे 1568 मधील ज्यूंचे प्रार्थनामंदिर शनिवारी बंद असते, एवढी वाराची शिकवणीही त्यात होऊन जाते.

आता राहिली ती गोष्ट, जी तुम्ही पत्रात जाता जाता लिहिली आहे आणि जिच्यावर चौघांपैकी कोणीच वाद घातलेला दिसत नाही. तुमचे विमान आखातात एक थांबा घेऊन, जहाज सुटण्याच्या दिवशीच दुपारी बाराला बार्सिलोनात उतरते, आणि जहाज संध्याकाळी सहाला सुटते. चेक-इन त्याच्या बरेच आधी बंद होते. खंडाळ्याच्या घाटात एक ट्रक आडवा झाला, मुंबईचे विमान दोन तास उशिरा निघाले किंवा मधल्या थांब्यावर जोडविमान चुकले, तर जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही, मग सहली कोणाच्याही घेतलेल्या असोत. जहाज सुटण्याचा सर्वांत मोठा धोका तुमच्या सबंध प्रवासात येथे आहे, पहिल्याच दिवशी, आणि तो टाळायला एका रात्रीचे हॉटेल पुरते.

तिकीट बदलायचे असेल तर व्हिसाचा अर्ज भरण्याआधी बदला. ज्या देशात सर्वाधिक दिवस, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो, आणि दिवस सारखे असतील तर प्रथम प्रवेशाच्या देशाकडे. एक दिवस वाढवल्यावर तुमचे स्पेन आणि इटलीचे दिवस जवळपास सारखे होतात, तेव्हा मोजून घ्या. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, आणि सोबत किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. हॉटेल बार्सिलोनाच्या जुन्या भागात, कोलंबसच्या पुतळ्याजवळ घ्या. दुसऱ्या दिवशी दुपारी क्रूझच्या धक्क्याकडे जाणारी बस त्या पुतळ्यापाशीच मिळते.